दूरच्या अकरांचा वाटा

सिग्नल हिरवा झाला आणि ती हलली नाही. मागच्या माणसाने खांद्याला धक्का देत, बाई झोपल्यात वाटतं, असं काहीसं पुटपुटत रस्ता ओलांडला. त्याच्यामागून पिशव्या घेतलेल्या दोन बायका गेल्या, एक सायकलवाला घुसला, आणि समोरच्या दिव्यातला आकडा वीस, एकोणीस, अठरा असा खाली उतरत राहिला. ती एक पाय फुटपाथवर आणि एक खाली, अशी अवघडून उभी. कारण तिला आत्ता, दूध संपलंय आणि जाताना घ्यायला हवं एवढाच विचार डोक्यात असताना, अचानक कळलं होतं की नानांच्या तक्त्यातले ते अकरा दीर्घिकासमूह फारच शहाण्यासारखे वागतात. इतकं शहाण्यासारखं कुणी वागत नाही. माणसं तर नाहीतच, पण आकाशातल्या वस्तूही नाहीत. दिवा पुन्हा लाल झाला. तिने खाली टाकलेला पाय वर घेतला आणि दुसऱ्या हिरव्याची वाट बघत राहिली.

नानांचा तो तक्ता तिला तोंडपाठ होता. तीस ओळी, तीस दीर्घिकासमूह. एकेका समूहात शेकडो दीर्घिका एकत्र नांदतात आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो, हे ती शाळेतल्या मुलींसमोर बोलायला जायची तेव्हा नेहमी सांगायची. आणि त्या सगळ्या दीर्घिकांपेक्षा या न दिसणाऱ्या वायूचंच वजन जास्त भरतं हे सांगितलं की पहिल्या बाकावरची एखादी तरी मुलगी डोळे मोठे करायची. नानांनी चौतीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की समूहाच्या एकूण वजनात या वायूचा वाटा सगळीकडे सारखाच असतो, जवळ काय आणि दूर काय. शंभरात सोळा. त्या एका निबंधावर नानांचं नाव झालं, आणि मागून आलेल्या लोकांनी त्याच विधानाची मोजपट्टी केली. वाटा सोळाच धरायचा आणि त्यावरून समूह किती दूर आहे ते काढायचं. तिने वर्षापूर्वी हीच गाडी उलट फिरवली. अंतरं आता दुसऱ्या वाटेने, फुटणाऱ्या ताऱ्यांच्या उजेडावरून, चांगली मोजून मिळतात. तर ती अंतरं घ्यायची आणि वायूलाच विचारायचं, बाबा रे, तुझा वाटा खरोखर सोळाच आहे का. नानांनाच ही कल्पना सर्वांत जास्त आवडली होती. म्हणाले, इतकी वर्षं आपण त्याच्याकडून काम करून घेतलं, आता जरा त्याची चौकशीही करू.

चौकशी केली आणि तिथेच घोडं अडलं. जवळच्या एकोणीस समूहांत वाटा सोळाच्या आसपास आला. दूरच्या अकरांत मात्र अंतरं नानांच्या तक्त्यापेक्षा सात टक्क्यांनी कमी भरली आणि त्याबरोबर वायूचा वाटाही दहा टक्क्यांनी उतरला. तीन महिने ती स्वतःलाच कोसत होती. आपलंच काहीतरी चुकतंय. पार्श्वभूमीचा उजेड नीट वजा झाला नसेल, तापमान जास्त धरलं असेल, प्रोग्रॅममध्ये कुठेतरी अधिकच्या जागी उणे पडलं असेल. शेजारच्या टेबलावरची सहकारी, जिला सगळे शंकेखोर म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं, तिने दोनदा सगळं तपासून दिलं आणि दोन्ही वेळा चूक सापडली नाही म्हणून हिरमुसली झाली. नानांच्या तक्त्यावर संशय घ्यावा हे दोघींच्याही मनात आलं नाही. घरातली भिंत सरळ आहे की नाही हे रोज कोण तपासतं?

आणि आता या चौकात तिला दिसलं की एकोणीस ओळी खऱ्या मोजमापासारख्या दिसतात: कुठे तेरा, कुठे एकोणीस, कुठे साडेसतरा, एखादा पार वीसच्या घरात. मोजणारा प्रामाणिक असला की आकडे असे थोडे इकडेतिकडे सांडतातच. अकरा ओळींत मात्र वाटा सोळाच्या अवतीभवती इतका चिकटून की चुकीसाठी जेवढी जागा सोडली होती तीही त्यांनी वापरली नव्हती. दोन्ही बाजूंना पंधरा टक्क्यांची मोकळीक, आणि अकराच्या अकरा दोन टक्क्यांच्या आत हातपाय आवरून बसलेले. आजवर याच टापटिपीचं लोकांनी कौतुक केलं होतं. बघा, दूरचे समूह किती नीट मोजलेत. तिनेही केलं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी, नवी सून म्हणून सासऱ्यांवर छाप पाडण्यासाठी, तिने जेवणाच्या टेबलावर त्या अकरा ओळींची भरभरून स्तुती केली होती, आणि नाना इतके लाजले होते की त्यांनी मीठ समजून साखर वाढून घेतली. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत बसल्या. तिला त्या घरात पहिल्यांदा मोकळं वाटलं ते त्या हसण्यामुळे.

ऑफिसात पोचल्यावर तिने पर्स खांद्यावरून न काढताच हिशेब मांडला. वाटा सगळ्यांचा सारखा धरून उलटं अंतर काढलं की किती येतं? पहिला समूह. तक्त्यातला आकडा, शेवटच्या अंकासह. दुसरा. तिसरा. सातव्याला ती थांबली, खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि मग उरलेले चार केले. अकराच्या अकरा. तो दोन टक्क्यांचा फरक नुसता आकडे तोडून लिहिल्याचा होता. म्हणजे वाटा सारखा आहे असं आधीच मानून ती अंतरं काढली होती, आणि मग तीच अंतरं वापरून वाटा सारखा असल्याचं सिद्ध केलं होतं. साक्षीदार आणि आरोपी एकच माणूस. शंकेखोर तिच्या खांद्यावरून बघत होती. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

दुपारभर ती त्या आकड्यांसमोर बसून राहिली आणि मन मात्र भलतीकडेच फिरत होतं. नऊ वर्षांपूर्वीची एक सकाळ पुन्हा पुन्हा येत होती. कोर्टाचा कागद हातात पडून आठवडा झाला होता. नवरा (पूर्वीचा म्हणायची सवय तिला अजून झाली नव्हती) दुसऱ्या शहरात बस्तान हलवून मोकळा झाला होता. भांडण असं फारसं नव्हतंच. दोघंही एकमेकांशी इतकं सभ्यपणे वागत की एक दिवस दोघांच्याही लक्षात आलं, हे शेजाऱ्यांशी वागणं झालं. ती नानांच्या घराची किल्ली परत द्यायला गेली होती. सासूबाई जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. वाटेत तिने दोन वाक्यं जुळवून ठेवली होती: तुम्ही खूप केलंत, आणि तब्येतीची काळजी घ्या. नानांनी दार उघडलं, तिच्या हातातली किल्ली पाहिली, आणि विचारलं, "त्या चौदाव्या समूहाची पार्श्वभूमी तू वजा केलीस की राहिली?" ती म्हणाली, राहिली. "मग आत ये, बसून करू." दोन तासांनी ती निघाली तेव्हा किल्ली पुन्हा पर्समध्ये होती आणि दोन्ही वाक्यं तशीच राहून गेली होती.

तेव्हापासून आठवड्यातून चार संध्याकाळी ती त्या घरी जायची. नानांच्या डोळ्यांना आता वाचता येत नव्हतं, ती वाचून दाखवायची. शेजारीपाजारी काय समजत असतील कोण जाणे. भाऊ एकदा म्हणाला होता, ताई, तुझं त्या घराशी आता नातं काय? ती चिडून म्हणाली होती, काम करतो आम्ही. आणि हे उत्तर तिला तेव्हा फार भक्कम वाटलं होतं. आज मात्र त्याच उत्तराने तिची झोप उडवायची वेळ आणली होती. काम, म्हणजे काय? तर तो तक्ता. त्या तीस ओळींच्या आधारावर ती त्या घरात शिरत होती, चहा करत होती, त्यांच्या औषधांच्या पट्ट्या मोजत होती, मोजे फाटले म्हणून रागावत होती. ना ती मुलगी, ना सून. आणि आता ती संध्याकाळी तिथे जाऊन ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला सांगणार होती की तुमच्या आयुष्याचं जे एक वाक्य होतं ते एक तृतीयांश पोकळ आहे. त्यांनी रागावून दार लावलं तर? रागावले नाहीत, नुसते गप्प झाले, उद्यापासून येऊ नकोस असं न म्हणता तसंच काहीसं वागले तर? तिचा नानांवर फार जीव होता. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही. पण त्या दुपारी तिला ते स्पष्ट कळलं. जगात ज्यांच्याकडे जाताना जिना चढायचा कंटाळा येत नाही असं तिला एकच माणूस उरलं होतं.

शंकेखोरने व्यवहाराची बाजू सांभाळली. म्हणाली, दोन गोष्टी पाठवाव्या लागतील: जुन्या निबंधाची दुरुस्ती, नानांच्या सहीने, आणि तुझा नवा निबंध. नियतकालिकाचा छापील फॉर्म तिने स्वतःच काढून आणून ठेवला. त्यात एक प्रश्न होता: ज्यांच्या कामाची दुरुस्ती होत आहे त्यांच्याशी आपले काही वैयक्तिक नाते आहे काय? असल्यास तपशील द्यावा. ती पेन घेऊन त्या ओळीवर अडली. शंकेखोर म्हणाली, कोर्टाचा कागद आहे ना तुझ्याकडे, मग सरळ नाही लिही. उगाच आहे लिहिलंस तर संपादक चार महिने फाइल फिरवत बसतील. तिने 'नाही' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बाकीचा फॉर्म तिने पटापट भरून टाकला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

नानांचं घर तिसऱ्या मजल्यावर. ती पोचली तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती आणि नाना रेडिओ कानाशी धरून हवामानाचा अंदाज ऐकत होते, जणू उद्या त्यांना कुठे लांबच्या प्रवासाला जायचं होतं. पावलांवरून त्यांनी ओळखलं. "सूनबाई, आज अर्धा तास लवकर." ती म्हणाली, हो. मग चहा झाला, औषधं झाली, मोज्यांची पाहणी झाली. सांगायचं कसं याचे तिने बसमध्ये चार प्रकार करून ठेवले होते. मऊ, मग थोडा कमी मऊ, असे. त्यातला एकही वापरला गेला नाही. तिने कप विसळता विसळता, त्यांच्याकडे पाठ करून, एका दमात सांगून टाकलं. दूरच्या अकरा समूहांची अंतरं वाटा सारखा धरूनच काढलेली आहेत. मी आज उलटं करून बघितलं. शेवटच्या अंकापर्यंत जुळतात.

नळ बंद करायचं तिला धाडस होईना, म्हणून ती एकच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिली. शेवटी नाना म्हणाले, पाणी वाया जातंय. ती हात पुसत बाहेर आली. ते खुर्चीत ताठ बसले होते आणि अधू डोळ्यांनी समोरच्या कपाटाकडे बघत होते. म्हणाले, वाच. तिने अकराही ओळी वाचल्या. अंतर, मग वाटा, मग पुढचा समूह. पाचव्या ओळीला त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले आणि आठव्याला ते हसले. ती घाबरली. पण ते हसणं साधं होतं, एखाद्याला हरवलेली वस्तू आपल्याच खिशात सापडावी तसं.

मग त्यांनी ती संध्याकाळ सांगितली. निबंध दुसऱ्या दिवशी टपालात पडायला हवा होता. सासूबाई टाइपरायटरला बसल्या होत्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि नानांचे तक्ते त्यांच्याशिवाय कुणी टाइप केलेले नव्हते. तेवढ्यात मुलगा सायकलवरून पडून हात मोडून घेऊन आला. नाना त्याला घेऊन दवाखान्यात निघाले आणि सासूबाईंनी दारातून विचारलं, या अकरांच्या अंतराच्या रकान्यात काय घालू, मोकळे आहेत. नाना जिन्यावरून ओरडले, हिरव्या वहीतून घे. हिरव्या वहीत नुसती कच्ची करून बघितलेली गणितं होती, वाटा सारखा धरला तर काय होईल याची. "ती वरून म्हणाली, दोन वह्यांतले आकडे एका तक्त्यात नकोत. मी म्हटलं, आत्ता वाद नको, पोराचा हात लोंबतोय." रात्री परतले तेव्हा तक्ता टाइप होऊन लिफाफ्यात गेला होता. नंतर हिरवी वही कधी आठवली नाही. की आठवायची नव्हती, असं ते स्वतःशीच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, चौतीस वर्षांनी तिचं खरं ठरलं. आज असती तर महिनाभर माझं जगणं मुश्कील केलं असतं तिने. बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तिला कळलं की तो आवाज निबंधासाठी भरून आलेला नाही.

तिने घाईघाईने सांगितलं की एकोणीस ओळी शाबूत आहेत, जवळचं विधान टिकतं, नाव कुठे जात नाही. नानांनी हाताने ते बाजूला सारलं. त्यांना नावाची पडलेली नव्हती, त्यांना वायूची पडली होती. नव्या अंतरांनी दूरचा वाटा किती येतो? ती म्हणाली, साडेचौदाच्या थोडा खाली. ते पुढे सरकून बसले. दूरचं म्हणजे जुनं. तिथला उजेड निघाला तेव्हा ते समूह तरुण होते. म्हणजे तरुणपणी वायू कमी आणि नंतर जास्त. कुठून येतो मग? आधी बाहेर हुसकला गेलेला असेल, आणि हळूहळू परत आत येत असेल? ती म्हणाली, मलाही तसंच वाटतंय, पण अजून पन्नास समूह तरी मोजावे लागतील. तर मोजू की, नाना म्हणाले, मला काय दुसरा उद्योग आहे. त्यांच्या गालांवर रंग चढला होता. ती नुसती बघत राहिली. दिवसभर जिवाला जे लागून राहिलं होतं ते या माणसाने चहाच्या कपासारखं बाजूला ठेवून दिलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्यांच्यावर इतकी माया दाटून आली की तिला उठून खिडकी बंद करण्याचं निमित्त काढावं लागलं.

दुरुस्तीचा मजकूर नानांनी स्वतः सांगितला, तिने लिहून घेतला. चूक माझी, टंकलेखिकेने वेळीच हरकत घेतली होती, हे वाक्य त्यांनी आग्रहाने घालायला लावलं. मग म्हणाले, फॉर्म आणला असशीलच. तिने पर्समधून घडी काढली आणि वाचायला लागली: निबंधाचं नाव, वर्ष, पृष्ठं, दुरुस्तीचं कारण, मूळ लेखकाची संमती. संमती आहे, असं नाना म्हणाले. तिने झरकन पुढच्या पानावर उडी घेतली.

"मधला एक प्रश्न राहिला," नाना म्हणाले. "मी नऊ वर्षं त्याच नियतकालिकाचा संपादक होतो."

तिने वाचला. ज्यांच्या कामाची दुरुस्ती होत आहे त्यांच्याशी आपले काही वैयक्तिक नाते आहे काय?

"काय लिहिलंयस?"

"नाही."

नानांची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळली गेली. अकरा ओळी ऐकताना ते असे झाले नव्हते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्यांना खरोखर रागावलेलं पाहिलं.

"हे चूक आहे."

"नाना, कागदोपत्री तसंच आहे."

"कागदोपत्री ते अकरा आकडे चौतीस वर्षं बरोबर होते."

समोरचं अक्षर अंधुक झालं, ते स्थिर होईपर्यंत ती थांबली. मग तिने 'नाही'वर रेघ मारली, शेजारी 'आहे' लिहिलं आणि खाली तपशिलाच्या ओळीत एकच शब्द लिहिला. माजी असं काही त्याच्या आधी घातलं नाही.

"काय लिहिलंस?"

"सासरे."

"पुन्हा वाच."

"सासरे," तिने वाचलं.